बारीक चाक मागे

टायर फुटलं तेव्हा सुनेला जागं राहून एकोणीस तास झाले होते.

ती रक्तपेढीत तंत्रज्ञ होती आणि त्या आठवड्यात तिची रात्रपाळी होती. शेवटच्या दोन तासांत एका बाळंतिणीसाठी एकापाठोपाठ सहा पिशव्या द्याव्या लागल्या. प्रत्येक पिशवीतलं रक्त बाईच्या रक्ताशी जुळवून बघायचं, नळीवर नंबर घालायचा, वहीत लिहायचा, आणि लिहिलेलं पुन्हा एकदा वाचायचं. या कामात डुलकी परवडत नाही. सातला सुटली, घरी आली, तोंडावर पाणी मारलं, सहा वर्षांच्या लेकीला शाळेत सोडलं आणि सासऱ्यांना शेजारी बसवून डोळ्यांच्या दवाखान्याकडे निघाली. दवाखाना डोंगरापलीकडच्या मोठ्या गावात, साठ किलोमीटरवर. साडेदहाची वेळ दोन महिन्यांपूर्वी मिळालेली. चुकली तर आणखी दोन महिने गेले. नवरा लांबच्या बंदरावर क्रेन चालवायचा, सहा आठवड्यांनी एकदा घरी यायचा. तेव्हा ‘दुसऱ्या कोणाला सांगू या’ असं म्हणायला घरात दुसरं कोणी नव्हतंच.

सासऱ्यांनी एकतीस वर्षं बस चालवलेली. त्यातली सोळा वर्षं बावीस नंबरच्या बसवर, म्हणून डेपोतले लोक त्यांना नावानं नव्हे, ‘बावीस नंबर’ म्हणूनच हाक मारायचे. एकतीस वर्षांत एक कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पण गेल्या वर्षी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ते पडले, तेव्हापासून मुलानं गाडीच्या चावीला हात लावायला मनाई केली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागद दिला आणि लायसन नव्यानं झालं, तरच. आजची खटपट त्या कागदासाठी होती.

घाट सुरू झाल्यापासून सासऱ्यांचं तोंड थांबलं नव्हतं.

“तिसऱ्यात घे.”

“घेतलाय, बाबा.”

“मग इंजिन असं का ओरडतंय?”

“दमलंय ते. माझ्यासारखंच.”

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. सून असं तोडून बोलायची नाही. तिलाही बोलल्यावर वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायलासुद्धा अंगात त्राण लागतं. रस्ता रात्रीच्या दवानं ओलसर होता. उजवीकडे वळण आलं, तिनं स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडीच्या डाव्या कोपऱ्यात धाडकन आवाज झाला. वरून पत्रा पडावा तसा.

गाडी डावीकडे ओढली जाऊ लागली. कुणीतरी लगाम धरून खेचावं तशी. तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

“पाय काढ!” सासरे ओरडले. “ब्रेक नको! सरळ धर, नुसतं सरळ धर!”

तिनं पाय उचलला. मागची बाजू उजवीकडे सरकली. त्याच क्षणी समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लुकलुकायला लागला, घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला, आणि पायाखालून टर्रर्र असा थरथराट आला. गाडीनं जणू आपल्याच चाकांना एकेक करून चापलं. सरकलेली बाजू परत जागेवर आली. मग वेग आपला आपण ओसरला, रबराची फडफड ऐकू यायला लागली, आणि गाडी कडेच्या खडीवर जाऊन कुरकुरत उभी राहिली. पुढे वीस पावलांवर दरीचा उतार होता.

तिनं हँडब्रेक ओढला आणि चारही दिवे लुकलुकते ठेवले.

“छान सांभाळलीस,” सासरे म्हणाले.

“मी कुठे? गाडीनं सांभाळली. तो दिवा नाही बघितलात? गाडी घसरायला लागली की ती स्वतःच एकेका चाकाला ब्रेक लावते.”

“गाडी काय सांभाळते? माणूस सांभाळतो. मी ब्रेक नको म्हणालो नसतो तर गेलो असतो त्या दरीत.”

तिनं वाद घातला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात, आणि दार उघडून बाहेर पडणं आधी गरजेचं होतं.

पुढचं डावं टायर नुसतं बसलं नव्हतं, बाजूनं वीतभर फाटलं होतं. पंक्चरवाल्याच्या हातचं काम नव्हे. निदान डावीकडचं होतं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून बसावं लागणार नव्हतं. तिनं मदतीच्या नंबरवर फोन लावून पाहिला. घाटात रेंज एक दांडी यायची आणि जायची. तिकडच्या मुलीनं ‘दोन ते अडीच तास’ म्हटलेलं तेवढं ऐकू आलं.

“दोन तासांत तर मी तुला इंजिन उतरवून दाखवलं असतं,” सासरे म्हणाले. “काढ स्टेपनी.”

डिकीतून तिनं दवाखान्याच्या फायली, लेकीची छत्री आणि एक जुनं घोंगडं बाहेर काढलं, तळाचा पुठ्ठा उचलला. आत स्टेपनी होती, पण बाकीच्या चाकांच्या निम्म्या रुंदीची, आणि तिच्यावर ‘ऐंशीच्या वर चालवू नये’ असा पिवळा कागद चिकटवलेला. सासऱ्यांनी ती प्रथमच पाहिली.

“ही स्टेपनी? मला वाटलं, कुणी सायकल विसरून गेलं.”

“नव्या गाड्यांत अशीच देतात. जागा वाचते.”

“जागा वाचते, माणूस नाही.” त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. कडक होती. “हवा आहे तरी. चल, त्रिकोण लाव मागे. पन्नास पावलं मोजून. वळणाच्या अलीकडे ठेव, पलीकडे ठेवून उपयोग नाही. आणि उजवीकडच्या चाकांना दगड लाव.”

ती पन्नास पावलं गेली आणि पन्नास पावलं आली. एवढ्या चालण्यानंही पोटऱ्या भरून आल्या. जॅक मांडायला ती वाकणार, तोच सासऱ्यांनी थांबवलं. “आधी नट सैल कर. चाक हवेत गेलं की फिरत बसेल तुझ्याबरोबर.” ते स्वतः रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते. कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना वजन उचलायची बंदी होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं तिच्या मनात आलं, पण शेळ्या नीट हाकल्या जात होत्या हेही खरं.

नट हलेना. मशीननं आवळलेला. तिनं पाना बसवला, दोन्ही हातांनी दाबलं, मग सरळ त्याच्यावर एक पाय देऊन उभी राहिली. गाडीच्या छपराला धरून ती दोनदा उसळली तेव्हा करकरून तो सैल झाला. रात्रभर बारीक नळीत थेंब मोजणारे हात आणि हे काम! पाचही नट सैल झाले तेव्हा ती धापा टाकत होती.

“आता मागच्या चाकाचेही तसेच सैल कर, आणि जॅक तिथे लाव,” सासरे म्हणाले.

तिला वाटलं, आपल्याला झोपेत ऐकू आलं. “फुटलंय पुढचं, बाबा.”

“फुटलंय पुढचं. पण हे असलं बारीक चाक पुढे लावायचं नाही. वळवतंय पुढचं, ओढतंयही पुढचंच. आमच्या डेपोत नियम होता, जुन्या टायरवर नवं रबर चढवलेलं कधी पुढे नाही. ते मागे. पुढे नेहमी चांगलं. तेव्हा मागचं धडधाकट चाक काढ, तिथे ही सायकल लाव, आणि ते मागचं आणून पुढे बसव.”

“म्हणजे दोनदा?”

“दोनदा.”

“दोनदा जॅक, दहा नट?”

“वीस. काढायचे दहा, लावायचे दहा.”

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. “मला जमणार नाही, बाबा. पुढे लावते आणि हळू चालवते. वीसच्या वेगानं चालवते. मी काल दुपारी दोनला उठलेय. काय ते समजतंय का तुम्हाला?”

“समजतंय.”

“नाही समजत. तुम्ही त्या दगडावर बसून सांगताय.”

सासरे दगडावरून उठले. रागानं नव्हे. पुढे घाट उतरायचा होता, त्या दिशेला त्यांनी नुसतं बोट दाखवलं. खाली रस्ता चार वळणं घेत गेलेला दिसत होता, प्रत्येक वळण ओलं, कडेला कठडा कुठे होता कुठे नव्हता. ती बघत राहिली. मग तिनं गाडीच्या कप्प्यातलं पुस्तक काढलं. सासऱ्यांना खोटं पाडायला मिळालं तर बरं, असंच तिला वाटत होतं. सत्तराव्या पानावर चौकटीत तेच लिहिलं होतं. बारीक स्टेपनी पुढे लावू नये. पुढचं चाक गेलं तर मागचं पुढे आणावं आणि स्टेपनी मागे लावावी.

तिनं पुस्तक मिटलं आणि मागच्या चाकाशी जाऊन बसली.

पहिलं चाक बदलायला पाऊण तास लागला. मध्ये एक ट्रक हळू झाला, ड्रायव्हरनं हातानंच ‘काही हवंय?’ विचारलं, सासऱ्यांनी हातानंच ‘जा’ सांगितलं. तिला त्यांचा गळा धरावासा वाटला. नट ते स्वतःच्या ओंजळीत धरून बसले होते, एकेक करून देत होते. एक नट त्यांच्या डाव्या गुडघ्याजवळ पडला. तो शोधायला ते उजवीकडे, पुढे, मागे चाचपत राहिले, आणि नट तिथेच, हातभर अंतरावर लख्ख चमकत होता. तिनं तो उचलला. तिच्या डोक्यात तेव्हा फक्त नट होते, माणसं नव्हती.

मागची बारीक स्टेपनी बसली, गाडी खाली आली. सासऱ्यांनी चाकावर थाप मारली. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला.

“एक मात्र म्हणायला हवं,” ते म्हणाले. “तुमचा तो दिवा कामाचा आहे. परवासुद्धा असाच लुकलुकला आणि टर्र करून—”

ते थांबले.

सुनेच्या हातात पाना होता. तिनं तो खाली ठेवला.

“परवा?”

“काय परवा?”

“परवासुद्धा लुकलुकला म्हणालात. परवा मंगळवार. मंगळवारी गाडी कोणी बाहेर काढली?”

सासरे खालच्या वळणांकडे बघत राहिले. ती उठून फाटलेल्या टायरापाशी गेली आणि प्रथमच ते नीट पाहिलं. मघापासून डोळ्यांसमोर होतं, पण थकलेला माणूस कामापुरतंच बघतो. चाकाच्या कडेला चांगला बोटभर ओरखडा होता, आणि त्यात पिवळा रंग बसला होता. औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर फुटपाथच्या कडेला पिवळे-काळे पट्टे ओढलेले होते. शाळेच्या वाटेवर.

“बाबा.”

“शाळेतून फोन आला होता,” ते म्हणाले. “अकराला. पाण्याची टाकी फुटली, शाळा सोडतोय, मुलांना न्या. तू तासाभरापूर्वी झोपली होतीस. दोनदा तुझ्या दाराशी आलो. तोंड उघडं होतं तुझं, एक हात पलंगाखाली लोंबत होता. हाक मारवेना. दोन किलोमीटर तर आहे. एकतीस वर्षं…”

“एकतीस वर्षं राहू द्या. पुढे?”

“येताना औषधाच्या दुकानाशी डावीकडे वळलो. ती फुटपाथची कड तिथे नव्हतीच. म्हणजे मला नव्हती. चाक चढलं, आपटलं, गाडी तिरकी झाली. मग तो दिवा.”

“येताना,” ती म्हणाली. “म्हणजे खारू मागे होती.”

‘खारू’ म्हणजे तिची लेक. कुठेही सरसर चढायची म्हणून आजोबांनीच ठेवलेलं नाव. सासऱ्यांनी मान हलवली.

“पट्टा लावला होता तिला,” ते म्हणाले. “घट्ट.”

ती खडीवरच बसली. मंगळवारी संध्याकाळी खारू काही कारण नसताना मांडीत येऊन बसली होती आणि उठायलाच तयार नव्हती. हिनं कपाळाला हात लावून पाहिला होता, ताप नव्हता. मग ‘चल, मला कामावर जायचंय’ म्हणून उठवलं होतं.

“तिला सांगितलंत, आईला सांगू नकोस?”

“हो.”

“सहा वर्षांची पोर आहे ती, बाबा.”

“हो.”

“दिसत नाही का तुम्हाला?”

सासऱ्यांनी डावा हात डाव्या कानाशी नेला आणि हळूहळू पुढे आणला. नाकासमोर आला तेव्हा म्हणाले, “इथे दिसायला लागतो. वर्ष झालं. समोरचं सगळं दिसतं, म्हणून मलासुद्धा उशिरा कळलं. आधी वाटलं, लोकच अचानक येतात अंगावर.”

“आणि डॉक्टरांना काय सांगणार होतात?”

“काही नाही. तो अक्षरांचा तक्ता असतो ना, तो पाठ केलाय. गेल्या खेपेला उजव्या डोळ्यानं वाचून ठेवला. अगदी खालच्या ओळीपर्यंत.”

तिला हसू आलं. हसायची गोष्ट नव्हती आणि हसू चांगलंही नव्हतं, ते खोकल्यासारखं बाहेर पडलं आणि थांबलं. “पाठ केलात,” ती म्हणाली. “सत्तरीनंतर परीक्षेत कॉपी.”

“कागद मिळाला असता तर तुला झोप मिळाली असती,” सासरे म्हणाले. “सकाळी पोरीला सोडणं, दुपारी आणणं, बाजार. घरात माझा काय उपयोग? दूध घ्यायचं आणि बेल वाजली की दार उघडायचं. एक गोष्ट येत होती मला.”

तिनं जॅक उचलला आणि पुढच्या चाकाशी गेली. उरलेलं काम न बोलता झालं. नट मागायची वेळ आली की ती नुसता हात पुढे करायची, आणि ते त्यावर नट ठेवायचे. पाचही नट आवळायचे ते सुद्धा समोरासमोरचे, आधी हा मग पलीकडचा, हे तिनं त्यांना न विचारताच केलं. मघाशी मागच्या चाकाला शिकवलं होतं त्यांनी. पदरात पडलेलं शिकणं रागातही विसरलं जात नाही.

गाडी सुरू केली तेव्हा पिवळा दिवा लागला आणि लागूनच राहिला.

“बिघडली का?” तिनं विचारलं.

“नाही. तीन चाकं मोठी, एक बुटकं. बुटक्याला तेवढंच अंतर कापायला जास्त गरगर फिरावं लागतं. तीन चाकं एक सांगतात, चौथं भलतंच सांगतं. यंत्रानं कोणाचं ऐकायचं? ते गप्प बसलंय. आता गाडी तुला सांभाळणार नाही.” त्यांनी आपला पट्टा लावला. “चाळीसच्या वर जाऊ नकोस. वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात नाही. वळणात ब्रेकला पाय लावूच नकोस.”

या वेळी ती त्यांना तोडून बोलली नाही. त्यांनी सांगावं आणि तिनं करावं, असे ते चारही वळणं उतरले. मागून येणाऱ्या गाड्या भोंगे वाजवत पुढे जात होत्या. ‘जाऊ दे त्यांना,’ असं ते दर वेळी म्हणायचे. सपाटीला लागल्यावर मात्र ते डोळे मिटून बसले आणि दवाखाना येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ती मनात एकच वाक्य घोळवत होती. डॉक्टर, हे सांगणार नाहीत म्हणून मी सांगते. ते कुठल्या सुरात म्हणायचं हे ठरत नव्हतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चहाडी परक्या माणसाकडे करायची, तीही त्याच्यासमोर. पण खारूचा पट्टा आठवला की सुराचा प्रश्न उरत नव्हता.

साडेदहाची वेळ केव्हाच टळली होती. काउंटरवरच्या बाईनं तिच्या काळ्या हातांकडे आणि गुडघ्यावरच्या मातीकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि त्यांना शेवटचा नंबर दिला. बाकावर बसल्यावर तिनं ठरवलं, की ते आत जायला उठले की आपणही उठायचं. आधी आपण बोलायचं. तिनं पाठ भिंतीला टेकवली.

जाग आली तेव्हा बाक रिकामे झाले होते. एक बाई फरशी पुसत होती. शेजारी सासरे बसले होते, डोळ्यांवर दवाखान्यानं दिलेला काळा चष्मा, मांडीवर फाइल. भिंतीवरच्या घड्याळात पावणेएक.

ती दचकून उठली. “नंबर?”

“झाला.”

“मला उठवलं का नाही?”

“मंगळवारसारखंच. हाक मारवेना,” ते म्हणाले. मग सावकाश सांगू लागले. “तक्ता दाखवलाच नाही गं त्यांनी. एका डबड्यात डोकं घालायला लावलं. उजेडाचे ठिपके येतात, दिसला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याला टकाटक दाबत होतो. डाव्याला नुसता अंधार. बसलोय हातात बटण घेऊन. ती मशीनवरची मुलगी म्हणाली, आजोबा, झोपलात का?” त्यांनी फाइल सरळ केली. “मशीनचा कागद निघायच्या आधीच मी डॉक्टरांना सांगून टाकलं. फुटपाथ दिसला नाही. नात मागे होती. टायर आज फुटलं, सून चालवत होती.”

“काय म्हणाले?”

“आधी काही नाही. मग म्हणाले, डोळ्यातला दाब वाढलाय. गेलं ते परत येत नाही. राहिलंय ते रोज थेंब घातले तर राहील. जन्मभर. रात्री झोपताना, न चुकता. कागदाचं विचारलं त्यांनी, लायसनसाठी आलात ना म्हणून. नको म्हटलं.”

एवढा वेळ घोळवलेलं वाक्य आता कोणाच्या कामाचं नव्हतं. तिनं त्यांच्या हातातली फाइल घेतली.

“त्याला मी सांगते,” ती म्हणाली. तो म्हणजे नवरा.

“नाही. मी सांगतो. आज संध्याकाळी. ओरडेल तो.”

“ओरडू दे. आणि खारूलाही सांगा, आईला सगळं ठाऊक झालंय म्हणून. तिच्या तोंडाचं कुलूप तुम्हीच काढा.”

“काढतो.”

दवाखान्यापासून दोन चौक टाकून टायरचं दुकान होतं. टायरवाला पन्नाशीचा, कोपरापर्यंत काळा. त्यानं फाटलेलं टायर उलटसुलट करून पाहिलं आणि आतून बोट फिरवलं.

“फुटलंय आज, पण मेलंय आधीच,” तो म्हणाला. “कडेला मार बसलाय. आतल्या दोऱ्या तुटल्या की बाजूला फुगा येतो. तो बघितला नाही कोणी? मग घाटात गरम झालं आणि गेलं. कोणी ठोकली होती?”

“मी,” सासरे म्हणाले.

टायरवाल्यानं काळा चष्मा पाहिला आणि पुढचं बोलणं गिळलं. मग गाडीभोवती फिरून मागच्या चाकापाशी थबकला. “ही स्टेपनी मागे लावायचं कोणाच्या डोक्यात आलं? लोक खुशाल पुढे लावून येतात आणि मग गाडी एका बाजूला का ओढते विचारतात.”

“यांच्या,” सून म्हणाली.

सासऱ्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सकाळी हेच वाक्य कानावर आलं असतं, तर त्यांनी अर्धा तास भाषण दिलं असतं.

काम तासाभराचं होतं. त्यानंतर पुन्हा घाट. तिनं घड्याळ पाहिलं आणि मनातल्या मनात हिशेब केला, दीड, अडीच, तीनला शाळा सुटते, आठला पाळी.

“आत्ता लगेच निघायचं नाही,” सासरे म्हणाले. “तू झोपायचंस. दोन तास. खारूला वरच्या मजल्यावरच्या काकू आणतील. तू झोपली होतीस तेव्हा दवाखान्यातून फोन केला त्यांना. आनंदानं हो म्हणाल्या. आज रात्रीची पाळी बदलून मिळते का बघ.”

“काकूंना मंगळवारीही फोन करता आला असता.”

“आला असता.”

“मग का नाही केलात?”

सासऱ्यांनी खरंच विचार केला. उत्तर शोधताना त्यांचा चेहरा लहान झाल्यासारखा दिसला.

“गाडी समोरच उभी होती,” ते म्हणाले.

टायरवाल्याच्या दुकानात मागच्या बाजूला एक लांब बाक होता, त्यावर जुन्या गाडीची सीट टाकलेली. तिनं रक्तपेढीत फोन केला. साहेब कुरकुरले, पण उद्याच्या मुलीशी अदलाबदल करू म्हणाले. मग तिनं चपला काढल्या, ओढणी डोक्याखाली घेतली आणि गाडीची चावी मुठीत धरूनच आडवी झाली. रबराचा आणि ग्रीसचा वास होता. बाहेर कुठेतरी हातोडा चालू होता.

तिच्या बंद डोळ्यांपलीकडे सासरे पाय ओढत गेले. ते टायरवाल्याला दबल्या आवाजात काही सांगत होते. मशीन जरा सावकाश, आत सून झोपलीय, रात्रभर जागी आहे.

“आजोबा,” टायरवाला म्हणाला, “आवाज न करता हवा भरता आली असती तर मी हे दुकान झोपूनच चालवलं असतं.”

एवढं तिला ऐकू आलं. त्यानंतर कॉम्प्रेसर सुरू झाला असेल, पण तो तिला काही ऐकू आला नाही.